इन्सुली ते मालवण, सायकलवरून

(इन्सुलीतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या आठवड्यात आम्ही नऊजणी इथून सायकलने मालवणला गेलो, रात्री मुक्काम केला आणि परत आलो. जी ती विचारते, पाय दुखले का? दुखले. पण आम्हाला अडवलं ते पायांनी नाही.

नऊजणींत स्वतःची सायकल दोघींची. बाकीच्या भावाच्या, दिराच्या, मुलाच्या. "उद्या परत येईल ना?" असं घरच्यांनी विचारलं ते सायकलीबद्दल!

घाटात चूक झाली, ती माझी. आम्ही तरण्या चौघी पुढे सुटलो आणि सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी थांबलो. अर्धा तास झाला तरी मागच्या येईनात. आमच्यातली सर्वांत मोठी काकी सायकल ढकलत घाट चढत होती आणि सोबतच्यांना सांगत होती, "तुमी फुडे जावा, माजेसाठी रवू नकात." परत फिरायच्याच बेतात होती. मोर्चातही आपलं असंच होतं. शेवटच्या रांगेतली बाई कधी घरी गेली, घोषणा देणारीला पत्ताच नसतो. तिथून काकीला पुढे ठेवलं. तिचा वेग तोच सगळ्यांचा. कुडाळला उशीर झाला, पण नऊच्या नऊ पोचलो.

दुसरी गोष्ट आपण बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलते. वाटेत लघवीची सोय नाही, म्हणून कुणी पाणीच पीत नव्हतं. धामापूरच्या तळ्यापाशी एकीला घेरी आली. पुढच्या वेळी वाटेवरच्या ओळखीच्या घरांची यादी आधी, चाकात हवा नंतर.

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलसाठी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून खटपट केली. एक लाखाहून अधिक बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवलं आहे की काहीजणींना पुरुषांचीच सायकल पसंत होती, कारण दांडीवर मूल बसवता येतं. आणि आम्ही त्या दांडीला शिव्या घालत गेलो! साडी नेसून टांग टाकणं सोपं नाही, हेही खरंच.

पण कर्जाची गोष्ट आपल्या कामाची आहे. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत स्वतःच्या नावावर सायकल घेण्यासाठी कर्जाचा विषय ठेवला आहे. तिघींनी नावं दिली आहेत, त्यात काकी आहे. रविवारी शाळेच्या पटांगणात पंक्चर काढायला शिकायचं आहे. घरात जुनी ट्यूब असेल तर घेऊन या.