पोटावरची चरबी आणि हाडांतला कारखाना
(आषाढी एकादशीच्या भजनानंतर ज्येष्ठ भक्तांसमोर केलेले भाषण)

साबुदाण्याच्या खिचडीवर आडवा हात मारून आपण बसलो आहोत. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगाच नाही! म्हणून आजच बोलतो.

मी निवृत्त होण्याआधी एक आजी माझ्याकडे येत. वजन बरंच, जिना चढताना धाप, हिमोग्लोबिन कमी. सहा महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, पण आकडा हलेना. “डॉक्टर, मी एकही गोळी चुकवत नाही हो,” त्या म्हणत. माझा मनातून विश्वास बसत नव्हता. चूक माझी होती.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथे सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनतात. त्यांना लोह लागतं. पोटावरची जादा चरबी मात्र स्वस्थ बसत नाही. ती शरीरात मंद दाह धुमसत ठेवते. त्या दाहामुळे यकृत हेपसिडिन नावाचं द्रव्य जास्त बनवतं आणि ते लोहाची दारं बंद करतं. आतड्यातून लोह कमी शोषलं जातं, साठ्यातलंही बाहेर येत नाही. कोठार भरलेलं, पण कुलूप लागलेलं! म्हणून फेरिटिनचा आकडा चांगला दिसला तरी मज्जा उपाशी राहू शकते. उलट पांढऱ्या पेशी जास्त बनवण्याचा हुकूम मज्जेला सुटतो आणि दाहात भरच पडते.

वजन उतरलं की हेपसिडिनही उतरतं, हे दिसून आलं आहे. त्या आजींनी रोज चालायला सुरुवात केली, ताटातला भात निम्मा केला. वर्षभरात वजन उतरलं, हिमोग्लोबिन चढलं. मी त्यांची माफी मागितली.

पण सगळा दोष चरबीवर टाकू नका. या वयात हिमोग्लोबिन कमी झालं, तर आतड्यातून रक्त जात नाही ना, किडनी ठीक आहे ना, बी-१२ कमी नाही ना, हे आधी पाहायलाच हवं. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ जरूर विचारा. मनाने गोळ्या घेऊ नका, जीपीकडे जा. जेवणाबरोबर चहा टाळा, लिंबू पिळा.

घरी एक करा. आपल्या उंचीइतका दोरा घ्या, दुमडून निम्मा करा. तो कमरेभोवती पुरला नाही, तर पोट कमी करायला हवं.

शेवटी एक विनंती. आपल्यातले कितीतरी ज्येष्ठ एकटे राहतात. रक्ततपासणीला न्यायला कोणी नाही, म्हणून ते जातच नाहीत. ज्यांच्याकडे गाडी आणि आठवड्यातला एक तास आहे, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव द्यावं. ज्यांना सोबत हवी, त्यांनी संकोच न करता सांगावं. पांडुरंगाला ही सेवाही पोचते.

राम कृष्ण हरी.