जमीन कोणाच्या नावावर?



रौप्यमहोत्सवात गोड बोलायचं असतं. पण माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे लक्ष आधी कागदांकडे जातं.

आपण वसईला आलो ते परवडतं म्हणून. दादर-गिरगावात घर घेणं जमणारं नव्हतं. टँकर आणि विरार लोकलचं लोंबकळणं हिशेबात धरूनच आलो. पुढे सूर्याचं पाणी आलं, २००९ साली महानगरपालिका झाली. (पावसाळ्यात रस्त्याची नदी होते, ते मात्र तसंच आहे.)

पण २५ वर्षं मेंटेनन्स भरूनही जमीन सोसायटीच्या नावावर नाही. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने कन्व्हेयन्स करून द्यायला हवं होतं. तो सही करत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. उद्या रिडेव्हलपमेंट निघालं, तर वाढीव एफएसआय कोणाचा, हा वाद याच कागदावरून होतो.

तरुण मंडळी विचारतात, "काका, एवढी घाई कशाला?" ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारत कोसळून १७ जण गेले. ती अनधिकृत होती हे खरं, पण आपल्या इमारतीपेक्षा नवी होती. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी करायचं असतं. त्याच्या खर्चावर जनरल बॉडीत भांडू, पण करू.

सध्या एवढंच: रजिस्टर्ड करारनामा आणि इंडेक्स टू यांची झेरॉक्स येत्या रविवारपर्यंत ऑफिसात द्या. मूळ मालक वारले असतील, तर वारसांनी आधी सेक्रेटरींना भेटावं. सात फ्लॅटचे कागद बाकी आहेत. नावं इथे घेत नाही, बोर्डावर लावली आहेत.