नैराश्य म्हणजे आळस नव्हे
(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले भाषण)

घरातला कर्ता मुलगा अंथरुणावरून उठेनासा झाला, की आपण त्यास आळशी ठरवून मोकळे होतो. एखादी बाई चुलीपुढे तासन्‌तास नुसती बसून राहिली, की कोणीतरी तिच्यासाठी अंगारा आणतो. जी खुळे आपण सोडली म्हणून सांगतो, ती आजारपणाच्या दाराने पुन्हा घरात शिरतात ती अशी! वास्तविक हा नैराश्याचा आजार, म्हणजे डिप्रेशन, असू शकतो.

हा आजार प्रथम उमेद हिरावून घेतो. निरोगी माणूस कामास लागतो, कारण त्यातून काही समाधान लाभेल असे त्याचे मन त्यास आधीच सांगत असते. आजाऱ्याचे मन तसे सांगत नाही. त्यास आंघोळ करणेसुद्धा डोंगराएवढे वाटते.

दुसरा घाला बुद्धीवर पडतो. वाचलेले ध्यानात राहत नाही, साधा निर्णय होत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात असे मांडले की, अशा रुग्णाचे स्वतःविषयीचे, जगाविषयीचे आणि भविष्याविषयीचे विचार एकाच वेळी काळवंडतात. एका विषयात नापास झालेला विद्यार्थी मग म्हणतो, मी निकामीच आहे, पुढेही काही होणार नाही. ज्या बुद्धीने आजार ओळखावयाचा, तीच आजारी! म्हणून “त्याला वाटेल तेव्हा जाईल डॉक्टरकडे” हे बोलणे मला घातक वाटते. पुष्कळदा त्यास तसे वाटतच नाही.

तेव्हा पहिले पाऊल घरच्यांनीच उचलावे. अशी अवस्था दोन आठवडे टिकली तर वाट पाहू नये. थायरॉईडच्या किंवा रक्ताच्या कमतरतेनेही असा थकवा येतो, तोही तपासून घ्यावा. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. मध्येच ते मनाने बंद करू नये. दरम्यान राजीनामा देणे, शिक्षण सोडणे, जमीन विकणे असले निर्णय पुढे ढकलावेत. इच्छा होईल तेव्हा काम, हा क्रम येथे चालत नाही. अंगणापर्यंतची फेरी आधी, इच्छा मागाहून. मरणाची भाषा निघाली तर मात्र त्यास क्षणभरही एकटे सोडू नये. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर सरकारी सल्ला विनामूल्य मिळतो. सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क आहे.

दवाखान्यात त्यास एकटे पाठवू नका. “मला काही झाले नाही” असे तो तेथे म्हणण्याचा संभव फार. तुम्ही घरी काय पाहिले, ते तुम्हीच डॉक्टरांना सांगा.