कागदी मखर आणि परमुलखातले घर

श्रावण सरत आला की दिल्लीतील मराठी घरांतून एक ठरावीक हालचाल सुरू होते. माळ्यावरची किंवा पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली जाते, आणि गेल्या वर्षीच्या मखराचे खांब, कमान व कळस जमिनीवर मांडले जातात. कोणता तुकडा शाबूत आहे, कोणाचा रंग उडाला आहे, कशाला कसरीने आपला नैवेद्य समजून कुरतडले आहे, याची पाहणी होते. मग घरातील वडील माणूस नव्याने आणावयाच्या कागदांची यादी करतो. मुले ती ऐकतात आणि त्यांना प्रथमच कळते की, 'घोटीव कागद' नावाचा एक पदार्थ या जगात आहे.

राजधानीतील मराठी वस्ती ही बव्हंशी नोकरीने आलेली. १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून सचिवालये, सैन्यदले, टपालखाते, विद्यापीठे आणि पुढे नोएडा-गुरुग्राममधील कंपन्या यांच्या निमित्ताने मराठी माणूस येथे येत राहिला. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. ठिकठिकाणी गणेशोत्सव मंडळे आहेत. तथापि संस्थांच्या बाहेरही एक महाराष्ट्र दिल्लीत नांदतो. तो दोन-तीन खोल्यांच्या घरात, कात्री, सुतळी आणि खळीच्या वाटीभोवती दरवर्षी चार-आठ दिवसांपुरता उभा राहतो.

दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यामधली कागदाची वाट फार जुनी आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने आपली राजधानी देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस हलविली. त्या लव्याजम्याबरोबर उत्तरेकडील कागद करणारे कारागीरही दक्षिणेत आले आणि वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यात स्थिरावले, अशी त्या गावाची परंपरा सांगते. बादशहा परत गेला, राजधानीही परत गेली. पण कागद मागे राहिला. पुढे जुन्नरचा कागदही नावारूपास आला आणि मराठी दप्तरांत पोचला. गिरणीच्या कागदाने हा धंदा मोडकळीस आणल्यावर, १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली आणि त्या विद्येला पुन्हा घर मिळाले. जी वस्तू दिल्लीकडून दक्षिणेत गेली असे सांगतात, तीच हातात घेऊन मराठी माणूस आज दिल्लीत आपला गणपती सजवितो, हा योगायोग मोठा मनोरम आहे.

आज दिल्लीत कागद घ्यावयाचा तर चावडी बाजार गाठावा लागतो. जामा मशिदीच्या पश्चिमेस असलेल्या या अरुंद रस्त्यावर कागदाचे आणि लग्नपत्रिकांचे घाऊक व्यापारी एकमेकांस खेटून बसले आहेत. हातगाड्या, रिक्षा आणि डोक्यावर रिमे घेतलेले हमाल यांतून वाट काढीत जाणाऱ्या मराठी गिऱ्हाईकास त्या रस्त्याचे नाव ऐकून थोडे थबकावेसे वाटते. गावची चावडी ती हीच, या नावाचे मूळ मराठी शब्दातच आहे, असे तेथे सांगितले जाते. व्युत्पत्तीचा वाद पंडितांवर सोपविला तरी, चावडीवर जाऊन मखराचा कागद आणावा, यात एक घरगुती समाधान आहेच.

मखराचे काम दिसते तितके सोपे नाही. पुठ्ठ्याचे खांब करावयाचे, त्यांवर घोटीव कागद सुरकुती न पडू देता गुंडाळावयाचा, कडेला बेगडीची पट्टी लावावयाची, इतके शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. खरा कस कमानीवरील जाळीत लागतो. कागदाची घडी घालून त्यावर अर्धेच चित्र काढतात: अर्धा मोर, अर्धे कमळ, अर्धी वेल. कापून घडी उलगडली की उरलेले अर्धे आपोआप पुरे होते. मात्र जाळी कापणाऱ्यास एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. काय कापावयाचे यापेक्षा काय राखावयाचे, हे अधिक महत्त्वाचे. दोन छिद्रांमधला बारीक जोड चुकून तुटला की सारी नक्षी हातात गळून पडते. नवशिक्याचा हात नेमका तेथेच घसरतो.

खळीचेही शास्त्र आहे. मैदा थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा, मंद आचेवर सतत ढवळावा, आणि तो पारदर्शक दिसू लागला की उतरवावा. कसर लागू नये म्हणून जुने लोक त्यात चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने अशी खळ मुलांच्या हाती मात्र देऊ नये. दिल्लीची हवा या खळीची परीक्षा पाहते. भाद्रपदात हवा दमट असल्याने चिकटविलेला कागद लवकर वाळत नाही. तर दिवाळीच्या सुमारास ती इतकी कोरडी होते की, ब्रश फिरवीपर्यंत खळ वाळू लागते. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या गृहिणीस आपले प्रमाण येथे नव्याने बसवावे लागते. पाककृतीप्रमाणे कलाकृतीही नव्या गावचे पाणी पिऊनच रुळते.

मध्यंतरी या साऱ्या खटाटोपावर थर्माकोलने मात केली. हलका, पांढराशुभ्र, कापण्यास सोपा आणि तयार मिळणारा असा तो पदार्थ. कागदी मखरांच्या पेट्या कित्येक घरांत न उघडताच राहिल्या. पुढे त्याचे दुष्परिणाम ध्यानात आले. तो कुजत नाही, पाण्यात तुकडे होऊन तरंगत राहतो. महाराष्ट्रात २०१८ साली त्याच्या सजावटीवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल व प्लॅस्टिकची निशाणे यांवर साऱ्या देशात बंदी लागू झाली. कायद्याने थर्माकोल दूर करता येतो. पण कागद कापणारा हात कायद्याने निर्माण करता येत नाही. ज्या घरांतून ती विद्या एक पिढी खंडित झाली, तेथे आता आजीला दूरध्वनी करून विचारावे लागते, आणि आजी असेल तरच उत्तर मिळते.

गणपतीनंतर पितृपक्ष आणि नवरात्र. या दिवसांत दिल्लीच्या आसपासचा प्रदेशही कागदमातीच्या कामात रंगून जातो. मथुरा-वृंदावनाची सांझी ही कागद कापण्याची अतिशय सूक्ष्म कला. बारीक टोकाच्या कात्रीने कृष्णलीलेची दृश्ये कागदात कोरावयाची, तो साचा सारवलेल्या वेदीवर ठेवून त्यावरून रंगीत भुकटी चाळावयाची आणि साचा अलगद उचलावयाचा, अशी तिची रीत आहे. देवळातली ही सांझी थोड्याच वेळात पुसली जाते; कागदाचा साचा मात्र पुढील वर्षासाठी जपला जातो. या कलेत मखराच्या जाळीचाच नियम चालतो: जोड राखावा, तरच चित्र उभे राहते. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा निरनिराळ्या खेळांची चिन्हे याच सांझीच्या धर्तीवर रेखाटली होती. परदेशी पाहुण्यांपुढे राजधानीने जे ठेवले, ते मूळचे कात्री-कागदाचे काम होते.

हरियाणाच्या खेड्यांत सांझीचे रूप निराळे आहे. तेथे मुली भिंतीवर शेणामातीने देवीची आकृती लिंपतात, मातीचे तारे व चांदण्या करून तिला नटवितात, रोज सायंकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि शेवटी तिला पाण्यात सोडतात. विदर्भातील भुलाबाई किंवा खानदेशातील गुलाबाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही बहीण ओळखू येण्यास वेळ लागत नाही. भाषा वेगळी, गाणे वेगळे. पण मुलींनी स्वतःच्या हाताने देवी घडवावी, तिच्याशी चार दिवस हितगुज करावे आणि तिला निरोप द्यावा, ही भावना एकच.

दसऱ्याच्या आधी पश्चिम दिल्लीतील ततारपूरच्या रस्त्यावर रावणांची रांग लागते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कापड व कागद, आणि हे सारे धरून ठेवणारी पिठाची लेई. हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश येथील कारागीर महिना-दोन महिने येथे येऊन राहतात आणि लहानशा पुतळ्यापासून घरांच्या गच्चीहून उंच रावणापर्यंत सर्व मापे घडवितात. मोहरमचे ताबूतही कामट्या आणि रंगीत कागद यांचेच. पंधरा ऑगस्टला दिल्लीच्या आकाशात जे हजारो पतंग उडतात, आणि ज्यांसाठी लाल कुआँच्या बाजारात झुंबड उडते, तेही कामटी आणि कागद यांचेच लेकरू. मराठी घरातला आकाशकंदील याच कुळातला. त्यास लागणारा कागद मराठीत 'पतंगी' म्हणूनच ओळखला जातो. लाल कुआँचा पतंगवाला आणि दिवाळीच्या आधी कामट्या तासत बसलेला मराठी कारकून यांची ओळख नसेल. त्यांचे हात मात्र एकमेकांस ओळखतात.

सजावटीप्रमाणेच आठवणीच्या वस्तूंचेही आहे. रुखवतात मांडलेली कागदाची फुलझाडे, मण्यांची तोरणे, भरतकामाचे रुमाल, आणि संक्रांतीस नववधूला किंवा तान्ह्या बाळाला घालावयाचे हलव्याचे दागिने, ही सारी घरच्या बायकांच्या बोटांची कमाई. दिल्लीत हलव्याचे दागिने सहजी मिळत नाहीत. म्हणून कोणी पुण्याहून येणाऱ्याबरोबर मागविते, तर कोणी हलवा आणून घरीच पुठ्ठ्यावर चिकटविते. बाळाचा तो मुकुट वेडावाकडा झाला तरी छायाचित्रात तोच राहतो, आणि पंचवीस वर्षांनी त्याविषयीच विचारणा होते.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. घरी केलेली वस्तू स्वस्त पडत नाही. कागद, बेगड, खळ आणि चार संध्याकाळी यांचा हिशेब मांडला तर बाजारातील तयार मखर परवडते. शिवाय बाजारातील वस्तूमागेही कोणा कारागिराचे पोट असते. ततारपूरच्या माणसाने रावण केला नाही तर त्याच्या घरी दिवाळी कशी होणार? हा आक्षेप खोडून काढण्याचे कारण नाही. कारागिराकडून जरूर घ्यावे, आणि मोबदला देताना घासाघीसही करू नये. किंबहुना ज्याने स्वतः एकदा जाळी कापली आहे, त्यालाच कारागिराच्या जाळीची खरी किंमत कळते. घरातील हस्तकला ही धंद्याची प्रतिस्पर्धी नव्हे. ती गुणग्राहक गिऱ्हाईक घडविणारी शाळा आहे.

आणि ती मुलांचीही शाळा आहे. जर्मनीत फ्रोबेलने बालवाडीची कल्पना मांडली, तेव्हा कागदाच्या घड्यांना तिच्यात मानाचे स्थान मिळाले. त्यावरून स्फूर्ती घेऊन मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक लिहिले, आणि त्याची वाखाणणी युरोपातील गणितज्ञांनी केली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी भोवताली मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यांनी साधने घडविली. दिल्लीत १९५६ साली पंडित नेहरूंच्या प्रेरणेने बालभवन निघाले, त्यामागेही मुलाने हाताने काही करावे हाच विचार होता. अर्ध्या चित्रातून पुरे चित्र उमलताना पाहणाऱ्या मुलास समरूपता म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु परमुलखात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत याहूनही एक मोठी गोष्ट पणास लागलेली असते. तो शाळेत हिंदी व इंग्रजी बोलतो. मित्रांशी हिंदी बोलतो. घरात मराठी उरते ती जेवणाखाणापुरती. अशा मुलास भाषेचे व्याकरण शिकवू गेल्यास तो कंटाळतो. पण कंदील करावयास बसविला की कामटी, खळ, झिरमिळ्या, बेगड, पुठ्ठा, कंगोरा, कळस असे शब्द त्याच्या कानी पडतात. 'खळ दाट झाली', 'घडी मोडू नकोस', 'झिरमिळ्या जरा लांब काप' ही वाक्ये त्यास समजून घ्यावीच लागतात. कारण ती न समजल्यास कंदील बिघडतो. ज्या शब्दाला हाताचे काम जोडलेले असते, तो शब्द विसरला जात नाही. जे काम घरातून गेले, त्याचे शब्दही त्याच्या मागोमाग जातात. तयार मखर विकत आणताना घर चार संध्याकाळी वाचविते खरे. पण त्या चार संध्याकाळींत जी मराठी बोलली गेली असती, ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

म्हणून सगळेच घरी करावे, असा हट्ट नको. वर्षातून एक वस्तू पुरे: एक कंदील, एक कमान, दूर असलेल्या आजीसाठी हाताने कापलेले एक भेटकार्ड. ती सुबक झाली नाही तरी चालेल. मोठ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. मुलाने कापलेली वाकडी पाकळी रात्री गुपचूप सरळ करून ठेवू नये. सकाळी त्याच्या ते ध्यानात येते, आणि पुढल्या वर्षी तो कात्री हाती घेत नाही.

विसर्जनाचा दिवस उजाडतो. यमुनेत मूर्ती सोडण्यास आता मनाई आहे. दिल्लीकर मराठी माणूस वस्तीजवळच्या कृत्रिम कुंडात किंवा घरच्या बादलीत गणपतीला निरोप देतो. रिकामे मखर एक रात्र तसेच उभे राहते. दुसऱ्या दिवशी खांब सोडविले जातात, कमान मऊ फडक्यात गुंडाळली जाते आणि पेटी बंद होते. पुढील वर्षी कदाचित बदली होईल, पेटी भोपाळला किंवा गुवाहाटीला जाईल. भांडी वाटेत फुटतील, फर्निचर विकले जाईल. पण कागदाची ती कमान बरोबर जाईल. जिथे ती उघडली जाईल, तिथे त्या कुटुंबाचे गाव पुन्हा वसेल.