पय्योलीचे नंबियार सर



पी. टी. उषा हे नाव ऐकलं नाही असा माणूस या सभागृहात नसेल, आणि पडद्यापलीकडे इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादला बसून ऐकणाऱ्यांतही नसेल. आता दुसरं नाव घेतो. ओ. एम. नंबियार. हे कोण, असं विचारलं तर किती हात वर होतील?

आज या दुसऱ्या नावाबद्दल बोलायचं आहे. उषाची गोष्ट आपण पदकांपासून ऐकायला सुरुवात करतो. नंबियार सरांचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. शिक्षकाचं काम बहुतेक वेळा बातमी होण्याआधीच्या वर्षांत होतं, आणि म्हणून ते कुणाला दिसत नाही.

केरळच्या उत्तर भागात, कोझिकोड जिल्ह्यात, समुद्राला लागून पय्योली नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या एका मुलीला शिक्षकांनी शाळेतल्याच एका जिल्हा विजेतीबरोबर धावायला लावलं. चौथीतली मुलगी जिंकली. ती उषा. म्हणजे नंबियारांच्याही आधी एका शिक्षकाची नजर तिच्यावर पडली होती, हे लक्षात ठेवा.

1976 मध्ये केरळ सरकारने मुलींसाठी क्रीडा वसतिगृहाची योजना सुरू केली. कन्नूरच्या केंद्रात चाळीस मुली निवडल्या गेल्या, महिना 250 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या केंद्रावर प्रशिक्षक होते नंबियार. हवाई दलातली नोकरी करून आलेले, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचे धडे घेतलेले गृहस्थ. पुढे त्यांनी सांगितलं, की उषाची सडपातळ अंगकाठी आणि तिची झपझप चाल त्यांच्या नजरेत भरली. बघा हं, धावण्याच्या आधी त्यांनी तिचं चालणं पाहिलं होतं.

मग सुरू झाली रोजची मेहनत. सिंथेटिक ट्रॅक नाही, त्यामुळे मातीचं मैदान. आणि पय्योलीचा किनारा. वाळूत धावायचं, लाटांच्या पाण्यात धावायचं. वाळूत पाय रुततो, प्रत्येक पाऊल उचलायला जास्त जोर लागतो, पोटऱ्या आणि घोटे मजबूत होतात. ज्याच्याकडे जिम नाही त्याने समुद्रालाच जिम केलं. आपल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

1980 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, उषा मॉस्को ऑलिम्पिकला गेली. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये 100 आणि 200 मीटरमध्ये रौप्य. 1983 मध्ये कुवेतला आशियाई स्पर्धेत 400 मीटरमध्ये सुवर्ण. इथे नंबियार सरांनी एक धाडसी निर्णय घेतला. त्यांनी तिला 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवलं.

ही शर्यत म्हणजे काय, ते समजून घ्या. दहा अडथळे. पहिला 45 मीटरवर, मग दर 35 मीटरला एक, आणि शेवटचा ओलांडल्यावर 40 मीटरची धाव. नुसता वेग पुरत नाही. दोन अडथळ्यांमध्ये किती पावलं टाकायची, हे मोजून ठरवावं लागतं. दम संपत आला की पाऊल आखूड होतं, हिशोब चुकतो आणि अडथळा भलत्याच पायावर येतो. महिलांसाठी ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच ठेवली होती, 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला. उषाच्या पायाखाली या प्रकारातल्या जेमतेम काही शर्यती होत्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. अंतिम फेरीत उषाची वेळ 55.42 सेकंद. रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूची 55.41. कांस्यपदक एक शतांश सेकंदाने गेलं.

एक शतांश सेकंद म्हणजे किती? साधा गुणाकार करा. त्या वेगाने धावणारी व्यक्ती तेवढ्या वेळात साधारण सात सेंटिमीटर पुढे सरकते. हाताची चार बोटं आडवी धरा, तेवढंच अंतर. शर्यतीत रेषेला पाय कधी लागला हे मोजत नाहीत, धड कधी पोहोचलं हे मोजतात. शेवटच्या क्षणी छाती पुढे झोकायची असते, आणि ते अंगवळणी पडायला मोठमोठ्या शर्यतींचा अनुभव लागतो. किनाऱ्याच्या वाळूवर तो मिळत नाही.

आपण चाळीस वर्षं त्या चार बोटांबद्दल हळहळतो. मला मात्र त्या 55.42 कडे वेगळ्या बाजूने बघावंसं वाटतं. ही वेळ भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून 39 वर्षं टिकली. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तमिळनाडूच्या विद्या रामराजने तिची बरोबरी केली, तीही बरोब्बर 55.42. मधल्या काळात देशात ट्रॅक आले, परदेशी प्रशिक्षक आले, आहारतज्ज्ञ आले. छोट्या गावातल्या एका शिक्षकाने घडवलेल्या वेळेला गाठायला एवढी वर्षं लागली. नंबियार सरांचं मोल मोजायचं असेल, तर हा आकडा घ्या.

यशाचं वर्ष लगेच आलं. 1985, जकार्ता, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. पाच सुवर्ण, एक कांस्य. 1986, सोल एशियाड, चार सुवर्ण, एक रौप्य. आणि 1985 मध्येच सरकारने प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षीचे मानकरी तीन. ॲथलेटिक्ससाठी नंबियार, बॉक्सिंगसाठी ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत. हे तिसरं नाव तरी आपल्या मराठी घरांत किती जणांना आठवतं?

मग 1988 आलं. सोल ऑलिम्पिकला उषा टाचेची दुखापत घेऊन उतरली आणि प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. टीकेची झोड उठली. खेळाडू जिंकली की ती देशाची मुलगी, हरली की प्रश्न सरांना, हा आपल्याकडचा जुना रिवाज. इथे मला शिक्षकाची खरी ओळख पटते. चांगल्या दिवसांत मुलीच्या शेजारी उभे राहणारे शंभर असतात. वाईट दिवसानंतरच्या सकाळी शिट्टी गळ्यात घालून मैदानात जाणारा एखादाच असतो.

आता दोन तारखा शेजारी ठेवतो. उषाला पद्मश्री मिळाली 1985 मध्ये. तिच्या सरांना जाहीर झाली 2021 मध्ये. मधे 36 वर्षं. सर तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते, आजारी होते. त्याच वर्षी 19 ऑगस्टला ते गेले. जेमतेम बारा दिवस आधी, 7 ऑगस्टला, टोकियोत नीरज चोप्राने भारताला ॲथलेटिक्समधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं होतं.

पण त्यांचं काम पुरस्कारासाठी थांबून राहिलं नव्हतं. उषाने 2002 मध्ये स्वतःची ॲथलेटिक्स शाळा काढली. टिंटू लुका तिथेच घडली आणि 800 मीटरमध्ये आशियाई विजेती झाली. शिष्या स्वतः सर झाली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत जिंकू लागली, तेव्हा आपण तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटलं. ते नाव कुठून आलं? ‘पय्योली एक्स्प्रेस’वरून. कविताच्या मागेही एक प्रशिक्षक होते, विजेंदर सिंग. एका गावाची हिंमत दुसऱ्या राज्यातल्या पाड्यापर्यंत अशी पोहोचते.

आता आपल्या घरी येऊ या. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, की प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान हवं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ का होईना, पण शिक्षक हवा. कागदावर हे आहे. आणि प्रत्यक्षात? परीक्षा जवळ आली की पहिला कोणता तास जातो? पीटीचा. गणिताचे सर येतात, मुलं वर्गात बसतात, मैदानात गाड्या लागतात. पालक म्हणून आपल्यापैकी किती जण त्याबद्दल तक्रार करतो?

त्या तासात नुसती कवायत होत नसते. कुणीतरी चाळीस मुलांकडे पाहत असतं. कोण दमल्यावरही थांबत नाही, कोण पडल्यावर हसत उठतं, कोणाची चाल झपझप आहे. हे वर्गात बाकावर बसलेल्या मुलात दिसत नाही. तो तास गेला की ती नजर जाते, आणि आपली कोणती उषा हरवली, हे आपल्याला कधी कळतही नाही.

म्हणून तीन साधी कामं सांगतो. पुढच्या पालकसभेत मार्कांबरोबर एक प्रश्न विचारा, आठवड्यात पीटीचे तास किती ठरले होते आणि किती झाले? दुसरं, तुमच्या वस्तीत पहाटे चार पोरांना धावायला शिकवणारे कुणी सर किंवा बाई असतील, तर एकदा जाऊन बघा. स्टॉपवॉच हवंय, बूट हवेत, पिण्याचं पाणी हवंय, ते विचारा. गरजा फार मोठ्या नसतात. आणि तिसरं, ज्यांनी तुम्हाला पहिल्यांदा मैदानात उभं केलं, ते सर हयात असतील तर या आठवड्यात त्यांना फोन करा.

36 वर्षं थांबू नका.