हमीचा कागद



नवी गाडी दारात उभी राहिली की आमच्या मावळात आधी तिची पूजा होते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, हार चढतो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि दृष्ट लागू नये म्हणून पुढे लिंबू-मिरची लोंबू लागते. गल्लीत पेढे वाटून होतात. या साऱ्या गडबडीत एक वस्तू मात्र कोणी उघडूनसुद्धा पाहत नाही. ती म्हणजे गाडीबरोबर आलेले हमीचे पुस्तक. ते पुढच्या कप्प्यात जाते आणि गाडी रस्त्यात पहिल्यांदा बंद पडेपर्यंत तिथेच पडून राहते. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या पुस्तकाविषयी.

बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून चार पावले चालवून पाहतो. मारका आहे का, औताला बसतो का, हे चार जाणत्या माणसांना विचारतो. बैलाची खोड अशी पाहून-विचारून कळते. मोटारीचे तसे नाही. हल्लीच्या मोटारीत शेकडो तारा, त्यांचे जोड आणि इंजिनावर नजर ठेवणारा छोटा संगणक असतो. तिचे दात मोजायचे कुणी आणि कसे? म्हणून आपण कंपनीचा शब्द घेतो. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत, मालात अगर बनावटीत दोष निघाला तर तो भाग आम्ही फुकट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, असा तो शब्द. यालाच हमी म्हणतात, आणि तिची किंमत आपण गाडीच्या किमतीतच मोजलेली असते. ती कोणी आपल्यावर केलेली मेहेरबानी नव्हे.

आता माझ्या घरचाच अनुभव सांगतो. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा आंदर मावळात, कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या पुढे बरीच आत. दोनशिक्षकी शाळा. एक शिक्षक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले, की दुसऱ्याला पोहोचलेच पाहिजे; नाहीतर मुले कुलपाकडे पाहत बसतात. शाळेच्या वेळेला एस.टी. जुळत नाही, म्हणून कर्ज काढून एक लहानशी पेट्रोल गाडी घेतली. नव्याचे नऊ दिवस उत्तम गेले. पुढे महिन्याभरात तिने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. चालता चालता इंजिन एकदम बंद पडे. दहापंधरा मिनिटे थांबले, की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

गाडी दुरुस्ती केंद्रात नेली. तिथल्या साहेबांनी चावी फिरवली आणि ते म्हणाले, “सर, गाडी तर चालू आहे की!” कागदावर शेरा पडला : दोष आढळला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी प्लग साफ केले. त्यापुढे एकदा पेट्रोलला दोष दिला, एकदा आमच्या मावळच्या पावसाला. पाच फेऱ्या झाल्या, तरी मागचे पाढे पंचावन्न. कर्जाचा हप्ता मात्र एकदाही बंद पडला नाही!

श्रावणात एके सकाळी गाडी टाकव्याच्या अलीकडे थांबली. सोबतचे गुरुजी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले. बाई शाळेत पोहोचल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मुले व्हरांड्यात पागोळ्यांच्या आत अंग चोरून बसली होती आणि तिसरीतली एक मुलगी सर्वांकडून पाढे म्हणवून घेत होती. गाडी बिघडली म्हणजे नुसते यंत्र बिघडत नाही. त्या यंत्रावर विसंबलेली माणसे उघड्यावर पडतात. हे ‘दोष आढळला नाही’ लिहिणाऱ्याला दिसत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहतात. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “सर, तोंडी बोलण्यानं सातबारा हलत नसतो. फेरफाराला अर्ज लागतो, अर्जाला पोच लागते. तुमच्या गाडीचा अर्ज कुठाय?”

त्या दिवसापासून बाईंनी शाळेच्या हजेरीसारखी गाडीची हजेरी मांडली. तारीख, वेळ, किती किलोमीटर झाले, चढ होता की सपाटी, गाडी किती वेळ धावल्यावर बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, केंद्रात किती दिवस राहिली. दोन आठवड्यांत त्या वहीतून एक गोष्ट स्वच्छ दिसू लागली. गाडी थंड असताना कधीच बंद पडत नव्हती; बराच वेळ धावून, खड्ड्यांचा रस्ता ओलांडल्यावरच पडत होती. सहाव्या खेपेला ही नोंद जोडून लेखी अर्ज दिला : आपला कारागीर आमच्याबरोबर याच रस्त्याने पाठवावा. एक तरुण मुलगा आला. गाडी बंद पडताच, ती निवायच्या आत, त्याने आपले तपासणीचे यंत्र लावले. पेट्रोलच्या पंपाकडे वीजच जात नव्हती. पंपाकडे जाणाऱ्या तारांचा जोड तापला, हादरला की सुटा पडत होता. निवला की पुन्हा चिकटत होता. केंद्रात गाडी थंड होऊनच पोहोचायची, मग तिथे दोष दिसणार कुठून? भाग बदलायला दोन तास लागले, तेही फुकट. गाडी केंद्रात ३४ दिवस पडून होती, तेवढी हमीची मुदत वाढवून द्या, असाही अर्ज केला. दोन स्मरणपत्रांनंतर तो मान्य झाला.

या पाच फेऱ्यांत एक वाक्य आम्ही पुनःपुन्हा ऐकले : “आमची ना नाही हो, पण कंपनीची मंजुरी यायला हवी.” श्रोतेहो, वडगावकरांना हे वाक्य नवे वाटू नये. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांचा पक्ष घेऊन बोरघाट चढून आलेले मुंबईकर इंग्रजांचे सैन्य तळेगावाहून माघारी फिरले, आणि मराठ्यांनी त्याला आमच्या वडगावात कोंडले. तिथे तह झाला. १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत देण्याचे आणि राघोबादादांना स्वाधीन करण्याचे इंग्रजांनी कबूल केले. सैन्य सुखरूप मुंबईला पोहोचले, आणि मग वरिष्ठांनी तह झिडकारला. तह करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जने ठरवले. लढाई पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली. शब्द देणारा एक आणि पाळणारा दुसरा असला, म्हणजे हे असे होते.

गाडीच्या व्यवहारातही विकणारा वेगळा आणि बनवणारा वेगळा. दुकानातला विक्रेता हसून म्हणतो, “काळजीच सोडा, काही झालं तर गाडी बदलून देऊ.” पण हमी लिहून दिलेली असते ती बनवणाऱ्या कंपनीने. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ सालच्या गाडीचे पैसे भरले आणि त्याच्या हाती २००९ साली बनलेली गाडी आली. तो दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने सांगितले की विक्रेत्याच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाल्याशिवाय त्यासाठी कंपनीला, म्हणजे टाटा मोटर्सला, जबाबदार धरता येणार नाही, जबाबदारी विक्रेत्याची. म्हणून तोंडी आश्वासन मिळाले तर ते नाव, हुद्दा आणि शिक्क्यासह लिहून घ्यावे, आणि तक्रार करताना ती विक्रेता आणि कंपनी या दोघांच्याही नावे करावी.

दुसरी गोष्ट. गाडी सारखी बिघडते, म्हणून नवी मिळेलच अशी आशा पुष्कळांना असते. इथेच घोडे पेंड खाते. २००६ साली मारुती उद्योगाच्या एका खटल्यात क्लचच्या दोषाचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने हमीच्या अटी वाचून सांगितले की त्यात सदोष भाग बदलून देण्याचे वचन आहे, सबंध गाडी बदलून देण्याचे नाही. मात्र ग्राहकाला झालेल्या त्रासापोटी ५०,००० रुपये देववले. तेव्हा पूर्ण गाडी किंवा तिची किंमत परत मागायची असेल, तर दोष मुळातच बनावटीचा आहे आणि तो दुरुस्तीने जात नाही, हे जाणकाराच्या तपासणीने दाखवावे लागते. गाडी वारंवार नेली, एवढे सांगणे पुरत नाही.

अमेरिकेत अशा बिघडक्या नव्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू म्हणतात. आपण दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू बांधतो. तिकडे गाडीच लिंबू निघाली तर काय करावे, याचा कायदा आहे! कनेक्टिकट राज्याने तो १९८२ साली केला, मग इतर राज्यांनीही केला. तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी तीस दिवस दुरुस्तीत अडकली, तर बदली गाडी वा पैसे मागता येतात, असे हिशेब त्यांतील पुष्कळ कायद्यांत आहेत. आपल्याकडे मोटारीसाठी असा आकडा कायद्यात घातलेला नाही. कायदा मोजत नाही, म्हणून खेपा आणि दिवस आपणच मोजले पाहिजेत.

पण आपण निराधार आहोत असे मुळीच नाही. ग्राहकाच्या हक्कांची चळवळ आपल्याच पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीच्या रूपाने उभी केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली, आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्याने दिलेल्या काही सोयी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; मावळच्या माणसाला पुण्याच्या जिल्हा आयोगापलीकडे धाव घ्यावी लागत नाही. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोग ऐकतो. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. वकील केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. दोष तपासणीवाचून कळणारा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. पुष्कळ भांडणे तिथेच मिटतात.

मात्र एक मुदत विसरू नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. ‘पुढच्या आठवड्यात भाग येईल, साहेब रजेवर आहेत’ असे करता करता हमीही संपते आणि मुदतही.

मग करावे काय? गाडी दुरुस्तीला देताना त्यांच्या कागदावर, म्हणजे जॉबकार्डावर, तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. ‘सर्वसाधारण तपासणी’ असे लिहू देऊ नये. ‘चालताना इंजिन बंद पडते’ असेच लिहवावे. गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख त्यावर असावी. गाडीच्या संगणकात बिघाडाचे सांकेतिक क्रमांक साठतात. ते पुसण्याआधी त्यांची प्रत मागावी. ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रातच वेळेवर करावी आणि पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात, कारण हमी नाकारायला पहिले कारण तेच पुढे येते. बाहेरच्या कारागिराकडून तारा कापून दिवे किंवा भोंगे बसवू नयेत. ब्रेकचे लायनर, वायपर यांसारखे झिजणारे भाग बहुधा हमीत नसतात, आणि टायर व बॅटरीची हमी त्यांचे त्यांचे कारखाने देतात, हेही आधी वाचून ठेवावे.

शेतकरी बंधूंना वाटेल, ही मोटारवाल्यांची कथा, आपल्याला काय तिचे? पण ट्रॅक्टरला, पाण्याच्या पंपाला, भाताच्या मळणीयंत्रालाही हमीचा कागद असतो. आणि स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा व्यापारी खरेदी मानत नाही. स्वतःच्या रानात स्वतः ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी आणि स्वतः जीप हाकून कुटुंब चालवणारा माणूस, दोघेही ग्राहकच.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपण मुलांना अर्जलेखन शिकवतो : आजारपणाची रजा, शाळा सोडल्याचा दाखला. त्यात एक अर्ज हमीचाही असू द्या. घरातल्या पंख्याचा वा मिक्सरचा हमीचा कागद मुलांनी वर्गात आणावा, मोठ्याने वाचावा, त्यात काय मिळेल आणि काय नाही याच्या दोन याद्या कराव्यात आणि एक काल्पनिक तक्रार लिहावी. तारीख, काय घडले, काय हवे, कधीपर्यंत हवे. चार ओळींत. शिवी नको, विनवणी नको. एवढे ज्या मुलाला लिहिता आले, त्याला उद्या कुणी ‘गाडी तर चालू आहे की’ म्हणून परत पाठवू शकणार नाही.