लंडनच्या म्युझियममधील अमरावती
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी भाच्याच्या आग्रहाने लंडन पाहण्याचा योग आला. तो तिथे नोकरीला आहे. पहिल्या दिवशी आम्ही किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर पाहिले. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. त्या घराविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी ब्रिटिश म्युझियमबद्दल बोलणार आहे.

हे म्युझियम १७५३ साली स्थापन झाले आणि १७५९ पासून लोकांना खुले आहे. आत जायला तिकीट नाही. माझ्यासारखा गिरणीत साचे चालवणारा माणूसही ताठ मानेने आत जातो, कुणी अडवत नाही. तिथे ३३-अ नंबरच्या दालनात आंध्रातल्या अमरावती स्तूपाचे शिलापट आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी आपली कृष्णा नदी, तिच्याच काठचा हा स्तूप. सुमारे १२० शिल्पे लंडनला आहेत, बाकीची बरीचशी चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात.

एक शिलापट दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे. एका बाजूला बोधिवृक्ष, त्याखाली रिकामे आसन, आणि हात जोडून उभे असलेले लोक. ही बाजू इ.स.पू. पहिल्या शतकातली. तथागतांची मूर्ती नाही, तरी तथागत तिथे आहेत हे कळते. तीनएकशे वर्षांनी तोच दगड उलटवून दुसऱ्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. आज अमरावतीला जागेवर नुसता बसका उंचवटा उरला आहे. मूळ स्तूप कसा दिसत होता ते असल्या शिलापटांवरूनच समजते.

आता प्रश्न येतो, हे दगड तिथे गेले कसे? आपली तरुण पोरं पटकन म्हणतात, इंग्रजांनी पळवले. नेले हे खरेच. १८४५ साली वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने उत्खनन केले, दगड मद्रासला नेले, १८५९ मध्ये जहाजाने लंडनला गेले आणि १८८० साली या म्युझियममध्ये आले. गुलाम देशाला कोण विचारतो? ते परत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण बंधूंनो, त्याच्या आधीचेही ऐका. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या जमीनदाराने नवे गाव वसवताना ते टेकाड खणले. दगड बांधकामाला गेले, काही भाजून त्यांचा चुना केला. लोक त्या टेकाडाला दिव्यांची टेकडी म्हणत. नाव राहिले, पण बुद्धाची ओळख पुसली गेली होती. ज्या वस्तूची ओळख पुसली जाते, तिचा चुना व्हायला वेळ लागत नाही.

ही ओळख कुणाची होती? राजे-महाराजांची तर होतीच, पण आपलीही होती. अमरावतीच्या शिलालेखांत विधिक नावाच्या एका चम्मकाराचे, म्हणजे चामड्याचे काम करणाऱ्याचे नाव आहे. आई, बायको, भाऊ, मुलगा, मुली, नातेवाईक, मित्र, सगळ्यांसह त्याने पूर्णघटाचा शिलापट दान दिला. आपल्या नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा लेख पहा. त्याने २००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघटनेकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज होते २४०. त्यातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख! सुताचे काम करणाऱ्यांच्या हाती संघाचा पैसा विश्वासाने दिला जात होता. ज्यांना पुढे विटाळ म्हणून वेशीबाहेर ठेवले, त्या कामकऱ्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. आम्हाला इतिहास नाही, असे आता कुणी म्हणू नये.

आणखी एक सांगतो. बाबासाहेब लंडनला शिकत असताना ह्याच म्युझियमच्या ग्रंथालयात वाचायला जात. त्या काळी अमरावतीचे दगड त्याच इमारतीत, मोठ्या जिन्याच्या भिंतींवर लावलेले होते. एकाच छताखाली बुद्धाचे दगड आणि बाबासाहेबांचा अभ्यास! माझ्या अंगावर काटा आला.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. आपला विहार कष्टकऱ्यांच्या पैशातून उभा राहिला. कुणी सिमेंटची गोणी दिली, कुणी रविवारची सुट्टी मोडून विटा वाहिल्या, बायाबापड्यांनी मूठमूठ तांदूळ गोळा केले. ती नावे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. ती वहीत उतरवून घ्या. पावती पुस्तके, जुने फोटो, सभेची इतिवृत्ते रद्दीत घालू नका. मुलांना कान्हेरीला सहलीला जरूर न्या, पण वही-पेन्सिल घेऊन न्या. विधिकाचे नाव दगडाने सांभाळले. आपल्या माणसांची नावे आपणच सांभाळली पाहिजेत.